शेजाऱ्याला युद्धाचा जाब विचारू नका



ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्रायल आणि गाझातली हमास यांच्यात युद्ध पेटल्यापासून मुंबईत ज्यू-मुस्लिम संवादाचा विषय निघाला, की गाडी थेट पश्चिम आशियात जाते. ज्यू माणसाने आधी इस्रायलच्या बॉम्बफेकीचा खुलासा करावा, मुसलमानाने आधी हमासचा निषेध नोंदवावा, अशी अपेक्षा धरली जाते. अशा अटी घालून बसवलेली माणसे एकमेकांशी बोलत नाहीत, फक्त जबानी देतात. मुंबई-कोकणातल्या या दोन समाजांकडे बोलण्यासारखे इथलेच पुष्कळ आहे. सुरुवात तिथून व्हावी.

भायखळ्याचे उदाहरण घ्या. बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांनी १८६०च्या दशकात तिथे मागेन डेव्हिड सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, उभारले. त्याच्या शेजारच्या सर जेकब ससून शाळेत एकेकाळी ज्यू मुले शिकत. आज तिथले बहुसंख्य विद्यार्थी मुस्लिम आहेत. माझगावच्या सर एली कदुरी शाळेचीही तीच कथा. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ मध्ये कोकणातल्या बेने इस्रायली ज्यू समाजाच्या मुलांसाठी सुरू केलेली ही शाळा आज प्रामुख्याने मुस्लिम वस्तीतल्या मुलांना शिकवते. कोलकात्यात ज्यू गर्ल्स स्कूलमध्येही बहुसंख्य विद्यार्थिनी मुस्लिम आहेत, आणि तिथल्या जुन्या सिनेगॉगांची देखभाल ओडिशातून आलेली मुस्लिम कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. कोणत्याही परिषदेच्या ठरावाशिवाय हे चालले आहे.

ही जवळीक या शाळांहूनही जुनी आहे. मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये मांडवीत सॅम्युएल इझिकेल, म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले. इंग्रजांच्या फौजेतले दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. आपण बेने इस्रायल आहोत असे त्यांनी सांगताच, या लोकांचा उल्लेख कुराणात आहे म्हणून टिपूच्या आईने त्यांचे प्राण वाचवले आणि त्या कृतज्ञतेपोटी त्यांनी हे सिनेगॉग बांधले, अशी कथा बेने इस्रायली घरांत सांगितली जाते. इतिहासकार तिला दंतकथा म्हणोत. आपल्या पहिल्या प्रार्थनास्थळाच्या जन्मकथेत एका मुस्लिम आईला जागा देणारा समाज शेजाऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहत आला, हे त्यातून कळते.

हा नुसता भूतकाळाचा गोडवा आहे, असे कोणी म्हणेल. त्याने २००८ आठवावे. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या दहशतवादी हल्ल्यात नरिमन हाऊस या ज्यू केंद्रात सहा ज्यू मारले गेले. त्यानंतर मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानचा कारभार पाहणाऱ्या जामा मशीद ट्रस्टने ठार झालेल्या नऊ हल्लेखोरांना दफनासाठी जागा द्यायला साफ नकार दिला. ते मृतदेह जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात वर्षभराहून अधिक काळ पडून राहिले. मुंबईच्या मुस्लिम समाजाने तेव्हा घेतलेली ही भूमिका कोणत्याही जाहीर पत्रकापेक्षा वजनदार होती.

मतभेद लपवावेत, असा याचा अर्थ नाही. पॅलेस्टिनी लोकांबद्दल मुसलमानांना वाटणारी कळकळ खरी आहे. अश्दोद, दिमोना, लोद इथे ज्यांची भावंडे-भाचरे राहतात, त्या बेने इस्रायली घरांतली काळजीही तितकीच खरी आहे. ओळखीच्या माणसापुढे ही दुःखे बोलता येतात. अनोळखी माणसापुढे त्यांच्या घोषणा होतात. म्हणूनच ओळख आधी हवी.

वेळ मात्र फार नाही. २०११च्या जनगणनेनुसार भारतात ज्यू साडेचार हजारांच्या आसपास उरले होते. त्यांतले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. राज्य सरकारने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, ते योग्यच झाले. पण सरकारी दर्जामुळे शेजार टिकत नाही. २००८ नंतर सिनेगॉगांपुढे पोलीस पहारा बसला. तो आवश्यक आहे. तरीही शेजारच्या शाळेतल्या मुलाला ती इमारत आतून कधीच पाहायला मिळू नये, हे बरे नव्हे.

तेव्हा तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. भायखळा-माझगावच्या शाळांनी सिनेगॉगच्या विश्वस्तांशी बोलून आणि पोलिसांना आधी कळवून दरवर्षी मुलांची भेट ठरवावी. मोहल्ल्यातल्या मशिदींनी रमजानमध्ये ज्यू शेजाऱ्यांना इफ्तारचे आमंत्रण द्यावे. आणि अलिबाग, पेण, पनवेल, मुंबईतल्या दोन्ही समाजांच्या वृद्धांच्या आठवणी कॉलेजच्या मुलांनी मराठीत ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. यांतल्या एकाही कामाला मोठा निधी लागत नाही. शाळांच्या व्यवस्थापनांनी आणि विश्वस्तांनी येत्या शैक्षणिक वर्षापासूनच ते हाती घ्यावे, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, मुंबई