खारातले भात

पेण आणि नागोठणे यांच्या दरम्यान कासू हे लहानसे स्थानक आहे. गाडी तेथे क्षणभर थांबते आणि मुंबईकर उतारू बाहेर पाहतो न पाहतो तोच सुटते. पश्चिमेस अंबा नदी धरमतरच्या खाडीकडे जाते. तिच्या काठची खारजमीन शेतकऱ्यांनी बांध घालून भरतीच्या तोंडातून काढलेली आहे. त्या जमिनीतील भाताविषयी आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

भाताचे रोप कोवळेपणी व फुलोऱ्याच्या वेळी खाराला सहज बळी पडते. तरीही काळा राता व भुरा राता या वाणांनी या किनाऱ्यावर तग धरला. दरसाल खाराने दुबळी रोपे मारली आणि वाचलेल्यांच्या लोंब्या शेतकऱ्याने बियाण्यासाठी राखल्या, असे पिढ्यान् पिढ्या चालले. उत्क्रांती म्हणतात ती हीच. डार्विनने 1859 च्या ग्रंथाचा पहिला अध्याय पाळीव पशू व लागवडीच्या वनस्पती यांना दिला, तो काही उगाच नव्हे. बांधाबाहेर याच खाराशी तिवर पानांवाटे मीठ टाकून झगडते, तर कांदळ ते बव्हंशी मुळाशीच अडविते. एकाच संकटाला सृष्टीने एकच उत्तर कधी दिलेले नाही.

पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने सुधारित वाण दिले, हे स्तुत्यच आहे. परंतु शीतगृहात ठेवलेले बी केवळ टिकते, बदलत नाही. समुद्राची पातळी वाढत असता उद्याचा खार कालच्यासारखा राहणार नाही. त्याच्याशी ज्या बियाला झुंजावयाचे आहे, त्याने शेतातच असावयास हवे.

आणि शेत राहावयाचे तर बांध राहिला पाहिजे. 1948 च्या व त्यानंतर 1979 च्या खारजमीन कायद्याने सरकारने ही जबाबदारी पत्करली आहे. बांधाला खांड पडून ती वेळीच बुजविली नाही, की भरती आत शिरते, शेतात तिवरे उगवतात, आणि मग ती तोडण्यास कायदा आडवा येतो. तिवरांच्या रक्षणासाठी मुंबई उच्च न्यायालयाने 2018 साली दिलेला निर्णय आम्हांस मान्यच आहे. आमची तक्रार तिवरांविरुद्ध नाही, ती न बुजविलेल्या खांडीविरुद्ध आहे.

पावसाळ्यापूर्वी खांडी बुजवाव्यात, आणि जो शेतकरी आपल्या एखाद्या खाचरात राता पेरील त्याची उत्पन्नातील तूट सरकारने भरून द्यावी, एवढीच आमची मागणी आहे. तिच्यासाठी नवे खाते उघडण्याची गरज नाही.