वीज आपली, आजार आपला. प्रश्न मात्र दुसऱ्याने विचारलेला

भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. झोतभट्टी संध्याकाळी विझवून सकाळी पुन्हा पेटवता येत नाही, हे त्या गावातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. एवढे भांडवल रात्रभर थंड पडू देणे तिथे कुणाला परवडत नाही. देशभरातल्या महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांना मात्र संध्याकाळी कुलूप लागते आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही.

राष्ट्रीय विज्ञानवार्तांमध्ये संगणनाचा विषय येतो तो बहुधा नव्या महासंगणकाच्या निमित्ताने. राष्ट्रीय महासंगणन अभियान २०१५ साली ४,५०० कोटी रुपयांच्या तरतुदीने मंजूर झाले. २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन ‘परम रुद्र’ महासंगणक राष्ट्राला अर्पण झाले. १९९१ च्या ‘परम ८०००’पासूनची ही परंपरा अभिमानास्पद आहे. तरीही बातमी पेटाफ्लॉपच्या आकड्यावर संपते. त्या ताकदीने कोणता प्रश्न सोडवायचा आणि तो कुणी ठरवायचा, हे क्वचितच विचारले जाते.

‘फोल्डिंग ॲट होम’ हा प्रकल्प स्टॅनफर्ड विद्यापीठात ऑक्टोबर २००० मध्ये सुरू झाला. छत्तीसगड राज्य त्याच्या पुढच्याच महिन्यात जन्मले. कल्पना साधी आहे. प्रथिनांच्या हालचालीचे अवाढव्य गणित लहान तुकड्यांत वाटायचे, प्रत्येक तुकडा कुणा स्वयंसेवकाच्या घरच्या संगणकाकडे पाठवायचा आणि उत्तरे परत गोळा करायची. करोनाच्या साथीत जगभरचे लोक त्यात सामील झाले आणि मार्च २०२० मध्ये प्रकल्पाने एक एक्झाफ्लॉपची सीमा ओलांडली. एक्झाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या आकडेमोडी. जगातला कोणताही एकटा महासंगणक तेव्हा तिथवर पोहोचला नव्हता.

या ताकदीची गरज का पडते, हे भौतिकीच्या भाषेत स्पष्ट होते. रेणूची हालचाल संगणकावर उतरवताना एक पाऊल साधारण दोन फेम्टोसेकंदांचे असते. सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाचे दहा लाख भाग करावेत आणि त्यातले दोन घ्यावेत, इतके ते छोटे. विषाणूचे स्पाइक प्रथिन मिटलेल्या अवस्थेतून उघडते तेव्हाच ते मानवी पेशीला पकडते, आणि हे उघडणे पाहायला अशी अगणित पावले लागतात. स्वयंसेवकांच्या यंत्रांनी सगळे तुकडे मिळून सुमारे ०.१ सेकंदाची हालचाल मोजली. तिच्यातून विषाणूच्या प्रथिनांमधले पन्नासहून अधिक दडलेले खळगे समोर आले. औषधाचा रेणू बसू शकेल अशा या जागा स्थिर चित्रात दिसत नाहीत. हे निष्कर्ष २०२१ मध्ये ‘नेचर केमिस्ट्री’त प्रसिद्ध झाले.

यावर दोन आक्षेप हटकून येतात. पहिला असा, की कृत्रिम बुद्धिमत्तेने प्रथिनांचा प्रश्न सोडवला आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेलही तिला मिळाले. मग हा खटाटोप कशाला? हा आक्षेप अर्धवट वाचनातून येतो. अल्फाफोल्ड प्रामुख्याने प्रथिनाचा आकार सांगते. ते प्रथिन कसे हलते, किती वेळ उघडे राहते, हा प्रश्न अजून शिल्लक आहे. शिवाय त्याच नोबेलचे एक मानकरी डेव्हिड बेकर यांच्याच प्रयोगशाळेने २००५ मध्ये ‘रोझेटा ॲट होम’ हा स्वयंसेवी प्रकल्प उभा केला होता.

दुसरा आक्षेप असा, की विखुरलेले संगणक महासंगणकाची जागा घेऊ शकत नाहीत. हे खरेच आहे. हवामानाच्या प्रतिमानात प्रत्येक प्रक्रियकाला शेजाऱ्याशी सतत बोलावे लागते. तिथे घरगुती यंत्रे निरुपयोगी ठरतात. पण ज्या गणिताचे तुकडे एकमेकांची वाट न पाहता सुटतात, ते महासंगणकाच्या रांगेत ताटकळत ठेवणे ही उधळपट्टीच होय.

खरी खंत निराळीच आहे. २०१८ च्या पावसाळ्यात भिलाईत डेंग्यूची मोठी साथ आली आणि माणसे दगावली. त्याच्या अकरा वर्षे आधी, २००७ मध्ये, ‘वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड’ या स्वयंसेवी जाळ्यावर डेंग्यू आणि त्याच्या कुळातल्या विषाणूंच्या प्रथिनांवरील औषधशोध सुरू झाला होता. त्याचे नेतृत्व टेक्सासकडे होते. काळा आजार बिहारचा जुना वैरी. त्याच्यावरचा प्रकल्प २०११ मध्ये कोलंबियातील मेडेयीनच्या विद्यापीठाने चालवला. क्षयरोगाचा प्रकल्प २०१६ मध्ये नॉटिंगहॅमने हाती घेतला. झिकाच्या प्रकल्पाची धुरा त्याच वर्षी ब्राझीलमधल्या गोयास या अंतर्भागातल्या राज्याच्या विद्यापीठातून वाहिली गेली. या चारांत एकही नेतृत्व भारतीय नाही. गोयास आणि मेडेयीनला जे जमले, ते इथे न जमायला पैशाची उणीव हे कारण पुरत नाही. संगणक तर जगाने फुकट देऊ केले होते. उणीव होती ती प्रश्न मांडण्याच्या धाडसाची.

हे धाडस इथे कधी नव्हतेच असेही नाही. सीएसआयआरने २००८ मध्ये ‘ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी’ हा उपक्रम सुरू केला आणि क्षयाच्या जंतूचा जनुकसंच समजून घेण्याच्या कामात शेकडो विद्यार्थ्यांना सामील करून घेतले. तो वारसा पुढे न्यायला हवा होता.

मात्र ‘फुकट संगणन’ हा शब्दप्रयोग टाकून द्यावा लागेल. २०० वॅट खाणारे यंत्र पाच तासांत एक युनिट वीज संपवते आणि छत्तीसगडची वीज मुख्यतः कोळशाची आहे. हे बिल विद्यार्थ्याच्या पालकांनी भरायचे आणि शोधनिबंधावर नाव संस्थेचे, ही वाटणी न्यायाची नाही. म्हणून वीज संस्थेच्या अंदाजपत्रकात दिसली पाहिजे, आणि त्या विजेतून आलेला प्रत्येक निष्कर्ष पेटंटाच्या कुलपाबाहेर, सर्वांसाठी खुला असला पाहिजे.

आयआयटी भिलाई २०१६ मध्ये स्थापन झाली; कुटेलाभाटा येथील तिचा परिसर फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. साथ ज्या गावाने भोगली, त्याच्याच वेशीवर आज भौतिकी, रसायन आणि संगणनाचे विभाग आहेत. डेंग्यूच्या एका प्रथिनाचा एक नेमका प्रश्न अशा संस्थेने मांडावा, महासंगणन अभियानाने त्याच्या वाटपाची यंत्रणा पुरवावी आणि देशातल्या प्रयोगशाळांनी रात्रीची यंत्रे त्यासाठी जुंपावीत. पुढच्या महासंगणकाच्या लोकार्पणाची बातमी येईल तेव्हा वाचकांनी पेटाफ्लॉपच्या आधी एवढे विचारावे: यावर कोणाचा आजार मोजला जाणार आहे, आणि उत्तर कोणाला वाचता येणार आहे?