मधुमेहाला जोडीदार हवा

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच होता : २२.३. शरीरातली चरबी मोजली तेव्हा मात्र युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. काट्यावर बारीक दिसणारा आपला माणूस आतून किती वेगळा असू शकतो, हे इतक्या नेमकेपणाने क्वचितच दाखवले गेले असेल. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांचा अभ्यास करून याज्ञिकांनी हेच मांडले आहे : वजनाने कमी असलेली ही बाळे चरबी मात्र राखून जन्माला येतात. ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई लोकांसाठी जोखमीचा बीएमआय २५ ऐवजी २३ पासूनच धरतात, तो याच कारणाने. त्यामुळे इथे ब्रिटनमधल्या आपल्या मराठी मंडळात ‘मी तर सडपातळ, मला कशी साखर?’ म्हणणाऱ्याला उपदेशाआधी ही माहिती मिळायला हवी.

माहितीचे मोल मोठे आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात, साखर कडक ताब्यात ठेवणाऱ्या गटाचा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा टक्केवारीतला आकडा, दहा वर्षांत सरासरी ७.० राहिला, इतरांचा ७.९. एवढ्याशा फरकाने डोळे आणि मूत्रपिंड यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार एक चतुर्थांशाने कमी झाले. पण ही गोष्ट रुग्णाला नुसती सांगून भागते का? याचे उत्तर लेस्टरच्या संशोधकांनी आखलेल्या ‘डेसमंड’ या वर्गातून मिळते. नुकतेच निदान झालेल्यांच्या एका गटाला सहा तास नीट शिकवले. वर्षभराने त्यांचे वजन इतरांपेक्षा थोडे जास्त उतरले होते, काहींनी सिगारेट सोडली होती, आजाराची समजही वाढली होती. साखरेच्या आकड्यात मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता, आणि तीन वर्षांनी मुख्यतः समज तेवढी टिकून होती. मंडळाने वर्षाकाठी एखादे व्याख्यान ठेवून समाधान मानू नये, असे मी म्हणतो ते यामुळे. डॉक्टर दहा मिनिटे भेटतात. उरलेल्या वर्षभराचे निर्णय स्वयंपाकघरात, ऑफिसच्या कँटीनमध्ये आणि लग्नाच्या पंगतीत घ्यावे लागतात.

मग सोबतीचा गट काढावा का? इथे पुरावा एकमुखी नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. आयर्लंडमध्ये ३९५ रुग्णांवर दोन वर्षे प्रयोग झाला. प्रशिक्षित सहरुग्णांनी नऊ बैठका घेतल्या, पण साखरेवर लक्षणीय परिणाम दिसला नाही. लोक सरासरी पाचच बैठकांना आले. याउलट २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या प्रयोगात, साखर ताब्यात नसलेल्या माजी सैनिकांच्या जोड्या लावून त्यांना दर आठवड्याला फोनवर बोलायला सांगितले. सहा महिन्यांत त्यांचा एचबीएवनसी ८.०२ वरून ७.७३ वर आला. नर्सच्या देखरेखीखालच्या गटाचा ७.९३ वरून ८.२२ वर गेला. दोन्ही प्रयोग शेजारी ठेवून मी असा अर्थ काढतो : अधूनमधून भरणारी सभा आणि दर आठवड्याचा फोन ही एकच गोष्ट नव्हे. शिवाय जोडीत दोघेही मदत घेतात आणि दोघेही देतात, त्यामुळे कुणी कायमचा रुग्ण राहत नाही, कुणी कायमचा शिक्षक होत नाही. आयर्लंडच्या रुग्णांची साखर आधीच बऱ्यापैकी ताब्यात होती, हेही ध्यानात घ्यावे. ज्यांचे अडले आहे त्यांना जोडी उपयोगी पडते.

आपल्या बाबतीत जोडीला आणखी एक काम आहे. इथल्या पत्रकांत पाव, पास्ता आणि बटाटा असतो. एकादशीची साबुदाण्याची खिचडी नसते. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, त्यामुळे उपवासाचा दिवस कित्येकांच्या आठवड्यातला सर्वांत जास्त पिष्टाचा दिवस ठरतो. उलट कडक उपवास करणारा ग्लिक्लाझाइडची गोळी किंवा इन्शुलिन घेत असेल तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. उकडीच्या मोदकातला गूळ ‘नैसर्गिक’ असला तरी रक्तात तो साखरच होतो. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांच्या गोळ्यांची नावे इथल्या औषधांच्या दुकानात कुणाला कळत नाहीत; औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे लागते. त्यांच्या रिपोर्टवर एचबीएवनसी ७.० असेल तर इथल्या रिपोर्टवर, एकक वेगळे असल्याने, तोच ५३ असतो. या गोष्टी ज्याने भोगल्यात त्यालाच चटकन सांगता येतात.

याला आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत. पहिला, सहरुग्ण चुकीचा सल्ला देईल : कारल्याचा रस घे, गोळी बंद कर. म्हणूनच एक नियम कडक हवा. जोडीदाराने दुसऱ्याच्या औषधाच्या मात्रेविषयी बोलायचे नाही; ‘तू नर्सला विचारलंस का?’ एवढेच म्हणायचे. दुसरा आक्षेप गुप्ततेचा. मंडळात सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि मुलामुलींच्या लग्नाची बोलणी चालू असताना घरातला मधुमेह झाकला जातो. त्यासाठी यादी न लावता जोड्या एकेकाशी बोलून लावता येतील. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो : असे केल्याने सरकारी आरोग्यसेवेची जबाबदारी आजाऱ्याच्याच डोक्यावर पडते. तसे होऊ देता कामा नये. उलट जाणकार रुग्णच आपला हक्क मागतो. वर्षातून एकदा पायांची तपासणी, लघवीतल्या अल्ब्युमिनची आणि रक्तातल्या क्रिएटिनिनची चाचणी आणि वेळच्या वेळी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली का, हे जोडीदाराने विचारले तर राहून गेलेली तपासणी लक्षात येते. मूत्रपिंडाचा आजार बराच काळ काहीच लक्षणे दाखवत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे नेहमी सुटते. मधुमेह नवऱ्याला आणि स्वयंपाक बायकोच्या हाती, असे चित्र अनेक घरांत आहे. अपॉइंटमेंट मात्र एकट्या नवऱ्याची. म्हणून घरात स्वयंपाक करणारी व्यक्तीही हवे असल्यास जोडीदार मागू शकेल. ज्यांना जोडीदार हवा आहे त्यांनी मंडळाच्या कार्यकारिणीत नसलेल्या, या कामासाठी पुढे आलेल्या दोन सभासद डॉक्टरांशी थेट बोलावे. निदान नुकतेच झाले असेल किंवा इन्शुलिन सुरू होणार असेल तर तसे आधी सांगावे, म्हणजे त्या टप्प्यातून गेलेला माणूस शोधता येईल.