वहीतला पाऊस

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की आमच्या तालुक्याच्या बाजारात थर्माकोलचा तुटवडा पडतो. त्यावर हिरवा भुसा चिकटवायचा, निळ्या जिलेटीनची नदी करायची, 'पाणी वाचवा'ची पाटी टोचायची. झाला पर्यावरणाचा प्रकल्प. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, हे परीक्षकांनाही ठाऊक असतं. तरी पहिला नंबर त्यालाच. बनवलेलं असतं बहुधा मुलाच्या मामानं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. माझं म्हणणं एवढंच, की पर्यावरणाच्या प्रयोगाला गुण द्यायचे तर मुलाच्या नोंदवहीला द्या.

पावसाचंच घ्या. सरळ भिंतीची प्लॅस्टिकची बाटली कापायची, वरचा भाग उलटा करून तिच्यातच नरसाळ्यासारखा बसवायचा. बूड खडबडीत असतं, म्हणून तळाशी खडे, ते बुडतील इतकं पाणी आणि तिथं शून्याची रेघ. बाहेरून पट्टी चिकटवली की पर्जन्यमापक तयार. हवामान खात्यासारखी रोज सकाळी साडेआठला नोंद. पहिल्याच पावसात वाद पेटतो: रुंद डब्यात जास्त भरेल की अरुंद बाटलीत? पैजा लागतात. दोन्हीकडे उंची जवळपास सारखीच निघते, तेव्हा एकेकाचे चेहरे बघावेत! मग एखादा पठ्ठ्या बाटलीवर भलंमोठं नरसाळं बसवतो आणि गावात ढगफुटी झाल्याचं जाहीर करतो. त्याचं कुठं चुकलं हे मी सांगत नाही. बाकीची पोरं सोडतात थोडीच!

पुढचं गणित सोपं आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शाळेचा पत्रा १०० चौरस मीटरचा धरला, तर १० मिलिमीटर पावसात १,००० लिटर पाणी त्यावर पडतं आणि वाहून जातं. उन्हाळ्यात त्याच शाळेच्या दारात टँकर उभा असतो. हिवरे बाजारची ग्रामसभा पावसाचे आकडे समोर ठेवून पिकं ठरवते. सातवीच्या पोरांना निदान पन्हाळीचा हिशेब तरी मांडू द्या.

शेतकऱ्याच्या घरात पावसाचा आकडा म्हणजे पैसा. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी, हे माझ्या वर्गाला पाढ्यांसारखं पाठ आहे. एकदा आमच्या बाटलीत सत्तरच्या वर पाणी होतं आणि मंडळाचा आकडा पन्नासच्याही आत. "बाई, त्यांचं यंत्रच खोटं!" असेलच असं नाही. यंत्र लांब, आणि पाऊस एका शिवारात कोसळतो तर शेजारच्या शिवारात टिपूस पडत नाही. शिवाय आपली बाटली कलली होती का, झाडाचं पाणी तिच्यात ठिबकलं का, हेही बघावं लागलं. इतका कडाक्याचा वाद मला कुठल्याही धड्यावर घडवता आलेला नाही.

अभ्यासक्रम उरकायचा, ऑनलाइन माहिती भरायची, त्यात हे कधी करायचं, असं सहकारी विचारतात. रास्त आहे. सुट्टीच्या दिवशीची नोंद आमचीही राहते. तिथं मुलं आडवी रेघ मारतात. अंदाजे आकडा लिहायचा नाही, हा वर्गाचा नियम.

तेव्हा परीक्षकांनो, वहीत अशा रेघा दिसल्या, पानाला चिखल लागला असला, तर गुण कापू नका. सगळे आकडे एकाच शाईत, सुबक उतरलेले दिसले, तर मात्र त्या शाळेच्या बाईंना बोलावून घ्या.