फुकटची फुले

जे काम करताना माणसाला आनंद होतो त्या कामाचे पैसे त्याने मागू नयेत, अशी एक विलक्षण समजूत आपल्या सुशिक्षित समाजात ठाण मांडून बसली आहे. सोनारालाही नथ घडवताना आनंद होत असेल, पण म्हणून त्याच्या दुकानातली नथ उचलून, "वा, काय हात आहे!" एवढेच म्हणून कुणी पायऱ्या उतरत नाही. चित्रकाराच्या बाबतीत मात्र हा प्रकार राजरोस चालतो, आणि तो करणारी माणसे तुमच्या-माझ्यासारखी, दिवाळी अंक विकत घेऊन (किंवा शेजाऱ्यांकडून मागून) वाचणारी सभ्य माणसे असतात. सणासुदीला कडू बोलतो आहे, त्याचा राग मानू नये. नरकचतुर्दशीला कारीट फोडून जिभेला लावायची चाल आपलीच आहे.

मी साताऱ्याकडचा शाळामास्तर; सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. माझी धाकटी बहीण जलरंगात वनस्पतींची चित्रे काढते, आणि तोच तिचा धंदा आहे. 'धंदा' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आमच्या नातेवाइकांना तो खुपतो. ते त्याला 'तिचा छंद' म्हणतात.

आता हे काम म्हणजे फुलदाणीतली फुले रंगवणे नव्हे. चित्र पाहून जाणत्याला झाड ओळखता आले पाहिजे. पाकळ्या किती, पुंकेसर किती, पान देठाला कसे चिकटले आहे, त्याची मागची बाजू लवदार आहे की गुळगुळीत, हे सारे त्यात खरे उतरावे लागते. ती कंपासाने देठ मोजते, भिंगाखाली फूल उभे चिरते, पेन्सिलीने आराखडा करते, मग तो कापसाच्या जाड कागदावर उतरवून एकावर एक पातळ हात देत रंग चढवते. एक हात वाळल्याखेरीज दुसरा देता येत नाही, आणि आमच्याकडच्या श्रावणात कागद किती वेळात वाळतो हे ज्याने तिथे धोतर वाळत घातले आहे त्याला विचारावे. फूल काही तोवर थांबत नाही. कळलावीचेच घ्या. तिच्या पाकळ्या आधी हिरवट पिवळ्या असतात, मग टोकाकडून तांबूस होत जातात, शेवटी सगळे फूल लाल होते. जो रंग पाहून कागदावर आरंभ केला तो चार दिवसांनी फुलावर राहिलेलाच नसतो. पळसाची तऱ्हा निराळी. फाल्गुनात फुले असतात तेव्हा पाने नसतात, पाने येतात तेव्हा फुले गळून गेलेली असतात, आणि शेंगांसाठी पुन्हा उन्हातून जावे लागते. एका चित्रासाठी एकाच झाडाच्या तीन वाऱ्या! कारवी तर सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. ती हुकली तर मुलगी चौथीतून बारावीत जाईपर्यंत वाट पाहायची.

अशा एका चित्राला तिचे चाळीस तास जातात. ते ती आठ हजारांना देते. तासाला दोनशे, हा भागाकार माझ्या पाचवीतल्या मुलांना येतो. त्यातून कागद, ब्रश आणि उजेडात न विटणारे महागाचे रंग वजा करा. शिवाय चित्रांचे फोटो काढणे, विचारणांना उत्तरे देणे, पुठ्ठ्यात बांधून कुरिअरला टाकणे, हिशेब लिहिणे, थकलेले पैसे पुन्हा पुन्हा मागणे, यात आठवड्याचे दोन दिवस जातात. त्यांचे कुणी काही देत नाही. आणि इतके झाल्यावर आमची मावशी येऊन म्हणते, "अगं, एवढंसं फूल ते! त्याचे आठ हजार? तुला बसल्या बसल्या करायला काहीतरी झालं, एवढंच ना?"

मावशीला मी माफ करतो; तिने स्वतः जन्मभर बसल्या बसल्या शंभर माणसांचे फराळ फुकट केले आहेत. शहाण्यासुरत्यांना मात्र माफी नाही. निसर्गावर प्रेम करतो असे सांगणाऱ्या एका संस्थेने माझ्या बहिणीकडून दिनदर्शिकेसाठी बारा चित्रे घेतली. मोबदल्याचे विचारल्यावर उत्तर आले, "मॅडम, तुमची केवढी प्रसिद्धी होईल!" दिनदर्शिका निघाली. छापखान्याला पैसे मिळाले, कागदवाल्याला मिळाले, टेम्पोवाल्यालाही मिळाले. बहिणीला पाच प्रती मिळाल्या, आणि जिच्यामुळे तिची प्रसिद्धी व्हायची होती त्या दिनदर्शिकेत तिचे नाव कुठेच नव्हते.

यात नवे काही नाही, असे कुणी म्हणेल. खरेच नाही. पुण्याजवळ दापोडीला कंपनी सरकारची वनस्पतिबाग होती आणि अलेक्झांडर गिब्सन हा डॉक्टर 1838 पासून तिचा प्रमुख होता. 1847 ते 1850 या काळात त्याने तिथल्या वनस्पतींची दीडशेहून अधिक चित्रे काढवून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पतिबागेत जपून ठेवलेली आहेत, आणि 2002 साली त्यांवर एक देखणा ग्रंथही निघाला. चित्रे काढणारा कोण? पोर्तुगीज-हिंदी वंशाचा कुणी चित्रकार होता, एवढेच कळते. गिब्सनचे नाव राहिले, बागेचे राहिले, एकेका झाडाचे लॅटिन नाव राहिले. ज्याच्या बोटांनी ते काम केले त्याचे नाव कुणी टिपून ठेवले नाही. साहेबांची तीच रीत होती म्हणावे, तर मद्रासकडे त्याच सुमारास रॉबर्ट वाइट या दुसऱ्या साहेबाने आपल्या गोविंदू नावाच्या चित्रकारावरून ऑर्किडच्या एका प्रजातीला 'गोविंदूइया' हे नाव दिले. शास्त्रात आज ते नाव चालत नाही. पण देणाऱ्याची नियत तर दिसली!

नाव स्वतः घालून घेतलेलेच बरे. लंडनच्या एलिझाबेथ ब्लॅकवेलने तेच केले. तिचा नवरा कर्जापायी तुरुंगात पडला होता. चेल्सीच्या औषधी बागेजवळ बिऱ्हाड करून तिने औषधी वनस्पतींची चित्रे काढायला घेतली. चित्र तिचे, तांब्याच्या पत्र्यावरचे कोरीवकाम तिचे, छापलेल्या प्रतींवर हाताने रंग भरणेही तिचेच. दर आठवड्याला चार, अशी 1737 ते 1739 या काळात पाचशे चित्रे तिने विकायला काढली आणि नवऱ्याला सोडवून आणले. पत्र्यावर आपले नाव तिने न विसरता कोरले आहे. तिने प्रसिद्धीवर भागवले असते तर नवरा तुरुंगातच राहिला असता. (पुढे त्याने स्वीडनमध्ये जाऊन आपले डोके गमावले, त्याला ती बिचारी काय करणार!)

"पण बाजार मांडला की कला मरते," असे आमच्या साहित्यिक मित्रांपैकी काही जण मान हलवून म्हणतात. हे म्हणणाऱ्यांच्या घरी पहिल्या तारखेला पगार येतो. माझ्याही येतो, म्हणून मी हे वाक्य तोंडातून काढत नाही.

अलीकडे आणखी एक सबब निघाली आहे. परवा एक गृहस्थ मोबाइलवर यंत्राने काढलेले कळलावीचे चित्र घेऊन आले. "हे बघा, फुकट आणि अर्ध्या मिनिटात! आता तुमचा भाव उतरवा." बहिणीने पाहिले. फूल भडक आणि छान होते. पण पानांची टोके नुसती निमुळती. कळलावीच्या पानाचे टोक लांबून त्याचा ताणा होतो आणि त्यानेच तो वेल वर चढतो. यंत्राने काढलेला तो वेल कशाच्या आधाराने उभा होता, हे त्या गृहस्थांना सांगता आले नाही.

कायद्याचेही ऐकून ठेवा. ही गोष्ट पुष्कळ चित्रकारांना ठाऊक नसते. 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तयार चित्र विकले तरी ते छापण्याचा हक्क आपोआप गिऱ्हाइकाकडे जात नाही. पण कुणी पैसे देऊन मुद्दाम काढवून घेतले, आणि उलट काही ठरलेले नसले, तर तो हक्क काढवून घेणाराचा होतो! आपण काढले ते आपलेच, या भ्रमात राहणाऱ्यांनी कलम सतरा वाचावे. चित्रावर आपले नाव सांगण्याचा हक्क तेवढा, छापण्याचा हक्क देऊन टाकल्यावरही, चित्रकाराकडे राहतो; ते कलम सत्तावन.

म्हणून मी मास्तरकी अक्षरात बहिणीला एक पानाचा कागद लिहून दिला आहे. निम्मी रक्कम आधी. छापण्याचा हक्क चित्रकर्तीचा. छापायचे तर किती प्रती, किती काळ, त्याचे पैसे वेगळे. नाव चित्राच्या खाली, वाचता येईल एवढ्या टायपात. या दिवाळीच्या आधी तीन गिऱ्हाइके आली. दोघांनी चहा घेता घेता सही केली. तिसरे गृहस्थ "विचार करून कळवतो" म्हणून गेले, ते अजून कळवताहेत.