अंतिम शिट्टीपूर्वी

"तिकीट माझे, पैसा माझा, रविवार माझा, मग मी केव्हा उठावे हे मला शिकवणारे तुम्ही कोण?" फुटबॉलचा सामना संपण्यापूर्वीच स्टेडियम सोडणाऱ्या प्रेक्षकाला कुणी हटकले, तर जगाच्या पाठीवर कोठेही तो हेच उत्तर देईल. कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर बिनतोड आहे. तिकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरांत कितीही अटी छापलेल्या असोत, शेवटपर्यंत बसावे अशी अट काही तेथे नसते. तरीही हे उत्तर मला मान्य नाही. ते का मान्य नाही, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

८ नोव्हेंबर २०१५ रोजी लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावर यजमान संघाची गाठ क्रिस्टल पॅलेसशी होती. युर्गेन क्लॉप या जर्मन प्रशिक्षकाने लिव्हरपूलची सूत्रे हाती घेऊन नुकता महिना झाला होता. ८२व्या मिनिटाला पॅलेसच्या स्कॉट डॅनने गोल केला, पाहुणे २-१ असे पुढे गेले आणि गॅलऱ्यांतून माणसे उठू लागली. सामन्यानंतर क्लॉप यांनी बोलून दाखवले, की आपण मागे वळून पाहिले तेव्हा लोक निघाले होते आणि त्या क्षणी आपल्याला फार एकटे वाटले. अजून दहा-बारा मिनिटांचा खेळ बाकी होता! याच अॅनफिल्डवर प्रत्येक सामन्यापूर्वी हजारो कंठ एक गीत गातात. मुळात १९४५ सालच्या एका अमेरिकन संगीतिकेतले ते गीत, १९६३ पासून लिव्हरपूलकरांनी आपलेसे केले. संकटात साथ न सोडण्याचे आश्वासन, हा त्याचा आशय. डोळे मिटून, गळपट्टे उंचावून ते गाणाऱ्यांपैकीच काही जण ८२व्या मिनिटाला जिने उतरत होते.

क्लॉप यांनी सगळा दोष प्रेक्षकांच्या माथी मारला नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. अजून काही घडू शकते असे लोकांना वाटायला लावणे ही खेळाडूंचीही जबाबदारी आहे, असे ते म्हणाले. महिन्याभराने, १३ डिसेंबरला, वेस्ट ब्रॉमविच अल्बियनविरुद्ध लिव्हरपूलने भरपाई वेळेत २-२ अशी बरोबरी साधली. तेव्हा क्लॉप आपल्या खेळाडूंना हातात हात गुंफून गॅलरीसमोर घेऊन गेले आणि थांबलेल्यांना त्यांनी अभिवादन केले. घरच्या मैदानावरील बरोबरीचा एवढा सोहळा कशाला, म्हणून त्यांची टिंगल झाली. टिंगल करणाऱ्यांना तो सोहळा कशाचा होता हेच उमगले नव्हते.

आता या खटल्यातून काही जणांना प्रथमच मोकळे केले पाहिजे. ज्याची शेवटची गाडी सुटणार आहे, ज्याच्या खांद्यावर पोर झोपले आहे, ज्याचे गुडघे गर्दीत जिने उतरू शकत नाहीत, त्याने खुशाल उठावे. विरारची गाडी ज्याने पकडली आहे, त्याला हे निराळे सांगायला नको. दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी सामने रात्री उशिरा ठेवायचे आणि परतीच्या प्रवासाची फिकीर करायची नाही, हे पाप प्रेक्षकांचे नव्हे, संयोजकांचे. शिवाय उठून जाणे ही कधी कधी वाणीही असते. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी त्याच अॅनफिल्डवर सुमारे दहा हजार लोक बरोबर ७७व्या मिनिटाला उठले, कारण पुढच्या हंगामात सर्वांत महागडे तिकीट ७७ पौंडांचे करण्याचा मालकांचा बेत होता. त्या वेळी त्यांचा संघ सुंदरलँडविरुद्ध २-० असा आघाडीवर होता. ते गेल्यावर सामना २-२ असा सुटला. थोड्याच दिवसांत मालकांनी क्षमा मागून तो बेत मागे घेतला. या माणसांनी संघाला टाकले नव्हते. पुढच्या वर्षीही मैदानावर येता यावे, म्हणून ते बाहेर पडले होते.

गर्दीचा मुद्दाही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २ जानेवारी १९७१ रोजी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर रेंजर्स आणि सेल्टिक यांचा सामना संपल्यावर १३ क्रमांकाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन ६६ जणांचे प्राण गेले. अगदी शेवटी सेल्टिकने गोल केला होता आणि त्यानंतर रेंजर्सने बरोबरी साधली होती. लवकर निघालेले लोक तो जल्लोष ऐकून माघारी वळले आणि त्यामुळे अनर्थ ओढवला, अशी कथा तेव्हा पसरली व पुढे कित्येक वर्षे सांगितली गेली. चौकशीत मात्र निष्पन्न झाले, की सगळे जण एकाच दिशेने, खाली उतरत होते. मृतांवर केलेला आरोप खोटा होता. दोष त्या जिन्याचा होता. लवकर उठणाऱ्यांविरुद्ध लिहिताना ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण त्यांना झोडपण्याच्या भरात अन्याय करणे फार सोपे आहे.

माझा रोख आहे तो वेगळ्याच माणसावर. त्याला गाडी गाठायची नसते, घाई नसते, निषेधही करायचा नसतो. त्याला फक्त निकाल कळलेला असतो, निदान तसे त्याला वाटत असते. संघ हरतो आहे, तेव्हा येथे बसण्यात आता काय हशील? तो पँट झटकतो आणि निघतो.

अशा माणसाला परतवण्यासाठी क्रीडालेखक नेहमी चमत्कारांच्या कथा सांगतात. २६ मे १९९९ रोजी बार्सिलोनात चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना होता. नव्वद मिनिटे बायर्न म्युनिक १-० असे पुढे होते. भरपाई वेळेत शेरिंगहॅम आणि सोल्शायर यांनी दोन गोल केले आणि चषक मँचेस्टर युनायटेडला मिळाला. युरोपीय फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष लेनार्ट योहान्सन पारितोषिक देण्यासाठी लिफ्टने खाली येत होते. ते मैदानात पोहोचले तेव्हा जिंकलेले रडताहेत आणि हरलेले नाचताहेत, असे त्यांना दिसले! १३ मे २०१२ रोजी मँचेस्टर सिटी ९० मिनिटांनंतर १-२ असे मागे होते. काही निराश समर्थकांनी बाहेरची वाट धरली होती. पुढच्या चार मिनिटांत झेको आणि अग्वेरो यांचे गोल झाले आणि १९६८ नंतर प्रथमच लीगचे विजेतेपद सिटीकडे आले. या कथा रंजक आहेत आणि खऱ्याही आहेत. पण त्यांतून काढला जाणारा निष्कर्ष मला साफ नामंजूर आहे. 'थांबा, कदाचित घबाड मिळेल' हा सोडतीच्या तिकिटाचा युक्तिवाद झाला. शंभरातील नव्वदांहून अधिक सामन्यांत असे काहीही घडत नाही. हरणारा संघ हरतोच. चमत्काराच्या आशेने थांबलेला माणूस चार वेळा निराश झाला, की पाचव्या वेळी सत्तराव्या मिनिटालाच उठेल, आणि त्याच्या हिशेबाने ते बरोबरच असेल. भक्तीच्या बाबतीतही हा व्यापार आपण पाहतो. नऊ दिवस नोव्हेना, दहाव्या दिवशी नोकरी. नोकरी नाही, तर नोव्हेनाही नाही.

मग थांबायचे कशासाठी? ८ जुलै २०१४ रोजी बेलो होरिझोंते येथे विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जर्मनीने ब्राझीलविरुद्ध २९ मिनिटांत पाच गोल केले. मध्यंतरापासूनच ब्राझीलचे बरेच प्रेक्षक बाहेर पडू लागले. ७९व्या मिनिटाला धावफलक ०-७ होता. ९०व्या मिनिटाला ऑस्कर या तरुण खेळाडूने ब्राझीलचा एकमेव गोल केला. त्या गोलाने काहीही बदलले नाही. जगाच्या लेखी तो गोल निरर्थक होता. तरी तो मुलगा ०-७ असताना चेंडू घेऊन धावला, बचावपटूला त्याने चकवले आणि गोल केला. त्याच्यासाठी तेथे कुणी असायला हवे होते की नाही? विजयाला पाहुण्यांची वाण कधीच पडत नाही. साक्षीदार लागतात ते पराभवाला, आणि प्रेक्षक नेमका तेव्हाच मोकळ्या खुर्च्या मागे ठेवून जातो.

याउलट २ जुलै २०१८ची रशियातील रोस्तोव्ह येथील रात्र आठवा. बेल्जियमविरुद्ध जपान २-० असा आघाडीवर होता; भरपाई वेळेच्या चौथ्या मिनिटाला २-३ असा हरला. असा पराभव पचवणे ०-७ पेक्षाही कठीण. जपानी समर्थक रडले, आणि नंतर पिशव्या काढून त्यांनी आपल्या गॅलरीतील कचरा गोळा केला. खेळाडूंनीही आपली खोली झाडूनपुसून ठेवली आणि रशियन भाषेत आभाराची चिठ्ठी ठेवून ते गेले.

हा प्रश्न आपल्यापासून फार दूरचा आहे असे समजू नका. १ जून २०१८ रोजी अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेईचा ५-० असा पराभव केला, तेव्हा सव्वा कोटीच्या मुंबईतून जेमतेम अडीच हजार प्रेक्षक आले होते. दुसऱ्या दिवशी कर्णधार सुनील छेत्रीने चित्रफितीद्वारे लोकांना हात जोडून विनंती केली: टीका करा, आरडाओरडा करा, शिव्याही द्या, पण मैदानावर येऊन द्या. ४ जूनला केनियाविरुद्धच्या सामन्याची सर्व तिकिटे विकली गेली आणि भर पावसात लोक उभे राहिले. त्याने टाळ्या मागितल्या नव्हत्या, उपस्थिती मागितली होती.

उपस्थिती म्हटली की वाचकांच्या मनात रविवारची मिस्सा आली असेल, आणि फादर आता तिकडेच वळणार हे त्यांनी केव्हाच ओळखले असेल. वळतोच. कम्युनियन घेऊन परस्पर बाजूच्या दाराने मोटारसायकलीकडे जाणारे बंधुभगिनी प्रत्येक धर्मग्रामात आहेत. हे दुखणे आजचे नव्हे. इ. स. ५०६ मध्ये दक्षिण फ्रान्समधील आग्द येथे भरलेल्या धर्मसभेने नियम केला, की रविवारी लोकांनी संपूर्ण मिस्सा ऐकावी आणि धर्मगुरूच्या आशीर्वादापूर्वी जाऊ नये. जे जातील त्यांना बिशपांनी चारचौघांत समज द्यावी. त्या सभेचे अध्यक्ष आर्लचे बिशप संत सेझारियस हे तर शुभवर्तमानाचे वाचन झाल्यावर चर्चची दारे बंद करवत, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. गंमत अशी, की 'मिस्सा' हा शब्दच मुळी लॅटिन निरोपातून आला आहे: 'इते, मिस्सा एस्त'. ज्या शब्दाने या उपासनेला नाव दिले, तोच न ऐकता आपण निघतो. मैफलीत भैरवी चालू असताना उठणाऱ्याला आपण अरसिक म्हणतो; येथे मात्र त्याला 'बिझी' म्हणतात.

तरीही संत सेझारियस यांचा उपाय मला पटत नाही.  दार उघडे असतानाच थांबण्याला किंमत असते. तसेच, लवकर जाणाऱ्यांना यहूदा इस्कार्योताची उपमा देण्याची काही प्रवचनकारांची सवयही मला आवडत नाही. मला अम्माऊसच्या वाटेवरचे ते दोघे अधिक जवळचे वाटतात. ते विश्वासघातकी नव्हते. निकाल लागला असे समजून, मान खाली घालून घरी निघाले होते. (संत लूकने हे अंतर साठ 'स्टेडिया' असे दिले आहे, 'स्टेडियम' शब्दाचे मूळ तेच.) प्रभू त्यांच्यावर रागावला, पण त्यांना सोडून गेला नाही, त्यांच्याबरोबर चालत राहिला. मात्र त्यांच्याआधी कालवारीवर ज्या स्त्रिया उभ्या होत्या, त्यांचा विचार करा. तिसऱ्या दिवशी काय होणार आहे हे ठाऊक असल्यामुळे त्या थांबल्या नव्हत्या. त्यांच्या दृष्टीने सर्व संपले होते, आणि म्हणूनच त्या तेथे होत्या.

आजाऱ्यांच्या घरी जाणे हे आम्हा धर्मगुरूंचे नित्याचे काम. इस्पितळात पहिल्या आठवड्यात खाटेभोवती उभे राहायला जागा नसते. शहाळी, फळे, धीराचे शब्द. मग एके दिवशी डॉक्टर सांगतात, "आता घरी न्या." निकाल कळतो. त्यानंतर त्या घराची पायरी किती जण चढतात, हे ज्यांनी घरात असे आजारपण काढले आहे त्यांना विचारा. 'आता जाऊन करायचे तरी काय?' असे लोक म्हणतात. माणूस वाईट नसतो. फक्त निकाल लागल्यावर थांबायची त्याला सवय नसते. ही सवय लहानपणी कोठे तरी लागायला हवी, आणि ती लागण्याला मैदानासारखी दुसरी जागा नाही, कारण तेथे हरण्यात कुणाचा जीव जात नाही.

म्हणून एक सूचना. सुट्टीत आपल्या धर्मग्रामांत फुटबॉलच्या स्पर्धा भरतील. अंतिम सामन्यात एखादा संघ ०-४ असा मागे पडेल आणि चहाच्या टपरीकडे रांग लागेल. बक्षीस समारंभात विजेत्यांचा चषक आधी दिला, की उपविजेत्यांची पदके रिकाम्या मैदानात वाटली जातात. संयोजकांनी या वर्षी क्रम उलटा करावा: हरलेल्या संघाला प्रथम बोलवावे, प्रत्येक मुलाचे नाव ध्वनिवर्धकावरून घ्यावे, आणि मगच चषकाला हात लावावा. आणि प्रमुख पाहुण्यांच्या ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवावे, की पंचांची शेवटची शिट्टी ऐकल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही.