नालीचा उतार आणि हत्तीरोग

भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या नव्या वस्तीत संध्याकाळी सातच्या सुमारास घराच्या मागच्या बाजूला उभे राहून बघा. शौचालयाच्या टाकीतून वर गेलेला प्लास्टिकचा पाइप दिसेल. त्याच्या उघड्या तोंडावर विजेरीचा झोत टाकला, की आतून एकामागोमाग एक बाहेर पडणारे डास दिसतात. घर नवे, फरशी चकचकीत, समोर सिमेंटचा रस्ता, रस्त्याला लागून सिमेंटची नाली. सगळे पक्के. फक्त नालीतले पाणी जागचे हलत नाही.

शाश्वत वास्तुरचना, हरित इमारती, पर्यावरणस्नेही शहरे यांवर हल्ली पुष्कळ बोलले जाते. ती चर्चा बहुधा मोठ्या शहरांतल्या सभागृहांत होते आणि तिच्यात काचेच्या इमारतींचे वीजबिल, छतावरचे सौर पॅनेल, मेट्रो हे विषय असतात. ते महत्त्वाचे आहेतच. पण भंडारा, तुमसर, पवनी, साकोली अशा गावांसाठी नगररचनेचा आरोग्याशी सर्वांत थेट जोडलेला प्रश्न त्या पाइपाच्या तोंडाशी आणि नालीच्या उतारात आहे. कारण हा जिल्हा हत्तीरोगाच्या पट्ट्यात येतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या वैनगंगेच्या मुलखात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून आहे.

हत्तीरोगाने माणूस सहसा मरत नाही, म्हणून त्याच्या बातम्या होत नाहीत. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी नावाचा, धाग्यासारखा बारीक कृमी शरीरातल्या लसीका वाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतो आणि त्या निकामी करतो. मग पाय सुजतो, पुरुषांमध्ये अंडवृद्धी होते. अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया आहे. जुनाट सुजेचा पाय मात्र पूर्ववत होत नाही. रोज साबण-पाण्याने धुणे, कोरडा करणे, जखम चिघळू न देणे, एवढेच हाती उरते. आता हा सल्ला रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या चिखलात दिवसभर उभ्या राहणाऱ्या बाईला कसा द्यायचा? पाय कोरडा ठेवला तर त्या दिवसाची मजुरी जाते. भाताच्या जिल्ह्यात हा आजार म्हणजे हातातले काम सुटणे, आणि बरेचदा लग्न मोडणे.

हा कृमी डासातून पसरतो, हे पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरने १८७७ साली चीनमधल्या अमॉय बंदरात दाखवले. डास माणसात आजार पसरवतो हे कळण्याची ती सुरुवात. कृमीची सूक्ष्म पिल्ले रात्रीच रक्ताच्या वरच्या प्रवाहात येतात, कारण त्यांना वाहून नेणारा क्युलेक्स डासही रात्री चावतो. म्हणूनच हत्तीरोगाचे रक्तनमुने घ्यायला आरोग्य कर्मचारी रात्री दार वाजवतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा’ हा सल्ला आपल्याला पाठ आहे. तो डेंग्यूसाठी आहे. डेंग्यूचा एडिस डास घरातल्या रांजणात, कूलरमध्ये, टायरमध्ये, तुलनेने स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. क्युलेक्सला घाण पाणी लागते. तुंबलेली नाली, शौचालयाची टाकी, सांडपाण्याचे डबके. एक मादी एका वेळी शंभराहून अधिक अंडी पाण्यावर तरंगत्या होडीसारखी सोडते आणि उबदार हवेत आठवडा-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. तेव्हा तुम्ही घरातली प्रत्येक बादली पालथी घातली तरी नाली तुंबलेली आहे तोवर क्युलेक्सचे काही बिघडत नाही. एडिसचा बंदोबस्त बऱ्याच अंशी घरमालकाच्या हातात असतो. क्युलेक्सचा बंदोबस्त नगरपरिषदेच्या आणि ग्रामपंचायतीच्या बांधकामात आहे.

सरकारचा भर गोळ्यांवर आहे आणि तो योग्यच आहे. डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन ही तीन औषधे आशाताई घरोघरी जाऊन समोर खायला लावतात. दोन वर्षांखालची मुले, गरोदर महिला आणि गंभीर आजारी माणसे सोडली तर सर्वांनी गोळ्या घ्यायच्या असतात; पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र आयव्हरमेक्टिन देत नाहीत. ‘मला कुठे काय झालंय’ म्हणून गोळ्या खिशात ठेवणारे पुष्कळ निघतात. त्यांनी लक्षात घ्यावे, की धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या रक्तातही ही पिल्ले असू शकतात. देशाने २०२७ पर्यंत हत्तीरोग संपवण्याचे लक्ष्य ठेवले आहे. श्रीलंकेने ते २०१६ मध्ये गाठले, म्हणजे ही काही अशक्य गोष्ट नव्हे.

पण गोळ्या थांबल्यावर काय? या आजाराची एक खोड आपल्या उपयोगाची आहे. मलेरियासारखा तो एखाद्या चाव्याने होत नाही. कृमी शरीरात रुजायला बाधित डासांचे शेकडो, कधी हजारो चावे लागतात. म्हणजे डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली तर थोडेफार रुग्ण शिल्लक असूनही साखळी तुटते. उलट, डास भरमसाट असतील तर गोळ्या न घेतलेली मोजकी माणसेही तिला जिवंत ठेवायला पुरतात. झांझिबार बेटावरच्या माकुंडुची गावात १९८८ मध्ये गोळ्या वाटण्याबरोबरच शौचखड्ड्यांतल्या पाण्यावर थर्मोकोलच्या बारीक मण्यांचा थर पसरला होता. क्युलेक्सची अळी पाण्याच्या पृष्ठभागाशी उलटी लटकून नळीने श्वास घेते. थराखाली ती गुदमरते. तिथले डास जवळपास नाहीसे झाले आणि आजार खाली आला तो खालीच राहिला. ज्या गावात फक्त गोळ्या दिल्या होत्या, तिथे काही वर्षांत तो पुन्हा वर सरकू लागला. तामिळनाडूतल्या तिरुकोइलूर भागातील गावांचा अनुभवही याच दिशेचा आहे.

थर्मोकोलचे मणी पाण्यात टाका असे आज कोणी म्हणणार नाही. पण मुद्दा कळतो. आणि आपण गेल्या दहा-बारा वर्षांत नेमके उलटे केले. स्वच्छ भारत अभियानात शौचालये झाली, हे मोठेच काम. शासनाची शिफारस दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयाची होती. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा, पाणी जमिनीत मुरते, पहिल्यातल्या मैल्याचे खत होते. त्यात साचलेले पाणी नाही, वायू मातीत मुरतो म्हणून पाइपाचीही गरज नाही. पण ‘खड्डा लवकर भरेल’ या भीतीने अनेकांनी मोठी टाकी बांधली, तिला पाइप लावला आणि तिचे वाहून येणारे पाणी नालीत सोडले. पाइपाला जाळी बसवा, निदान कापड बांधा, असे आरोग्य खाते सांगत असते. गवंड्याच्या अंदाजपत्रकात मात्र ती जाळी नसते.

नालीचे तर विचारूच नका. ती रस्त्याच्या कामाबरोबर तुकड्या-तुकड्याने होते. या वर्षी हा तुकडा, पुढच्या वर्षी निधी आला तर पुढचा, ठेकेदार वेगळा, पातळी वेगळी. रस्त्यावर दर काही वर्षांनी नवा थर चढतो आणि जुनी नाली खड्ड्यात जाते. मग पाणी वर चढून कसे जाईल? जिथे कसेबसे जाते, तिथे बहुधा शेवटी गावची बोडी किंवा तलाव असतो.

ही गोष्ट भंडाऱ्याला शोभणारी नाही. दोन-तीनशे वर्षांपूर्वी कोहळी समाजातल्या जाणकारांनी या मुलखात शेकडो तलाव बांधले. आधुनिक मोजमापाचे कुठलेही यंत्र नसताना पाणी कुठून येईल, कुठे अडेल, सांडव्यावरून कुठे जाईल आणि पाटाने कोणत्या बांधीत पोचेल, हे त्यांना जमिनीकडे पाहून कळत होते. वर तलाव, खाली भातशेती आणि सगळे पाणी केवळ उताराने फिरणारे. शाश्वत रचना म्हणून परदेशातली उदाहरणे द्यायची गरज नाही. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले, आणि आज आपण त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतो, म्हणजे माजी मालगुजारी. मासे असलेल्या, स्वच्छ पाण्याच्या तलावात क्युलेक्सचा टिकाव लागत नाही. नालीचे पाणी मिसळले, जलपर्णी माजली, काठाशी गाळ साचला, की तोच तलाव डासांचा मळा होतो. त्या पूर्वजांच्या गावात, हातात लेव्हल मशीन असताना, आपल्याला दोनशे फूट नालीला धड उतार देता येऊ नये?

उपाय महाराष्ट्रातच झालेला आहे. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्याच्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे केले, उघड्या नाल्या बंद केल्या आणि डास हटवले. पुढे रोजगार हमीतून असे खड्डे अनेक गावांनी केले. भंडाऱ्यात हे जसेच्या तसे उचलता येणार नाही. तलाव आणि धानाच्या बांध्यांमुळे इथे कितीतरी ठिकाणी पावसाळ्यात पाणी जमिनीच्या अगदी जवळ येते. तेव्हा शोषखड्डा शोषत नाही, आणि विहिरीच्या किंवा हातपंपाच्या फार जवळ असेल तर पिण्याचे पाणी बिघडवतो. अशा जागी खड्डा उथळ आणि उंचावर घ्यावा लागेल, न्हाणीचे पाणी परसबागेत फिरवावे लागेल, आणि जिथे घरे दाट आहेत तिथे उताराची, झाकलेली नाली हवीच. कुठे काय, हे जमीन पाहून ठरवायचे काम आहे, छापील नमुन्याचे नाही.

फवारणीने यातले काही होत नाही. धूर सोडणारी गाडी गल्लीतून गेली की काम झाल्यासारखे वाटते, नगरसेवकाचा फोटोही येतो. त्या धुराने उडणारे डास काही तासांपुरते मरतात. टाकीतल्या अळ्यांना तो लागतही नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. लोक जातात, पण आपल्या प्लॉटवर आरक्षण पडले का, रस्ता किती फुटांचा, एवढेच बघून परततात. त्याच टेबलावर आणखी तीन गोष्टी मागायला हव्यात: शहराच्या चढउतारांचा नकाशा, प्रत्येक मोठ्या नालीचे शेवटचे टोक, आणि ते टोक तलावात किंवा वैनगंगेत असेल तर त्याआधी पाणी कुठे शुद्ध होणार याचे उत्तर. पाइपाला जाळी नसेल तर नव्या घराला भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये, हा ठराव कुठलीही नगरपरिषद करू शकते. गावात हेच प्रश्न ग्रामसभेत अभियंत्याला विचारता येतात, तेही नालीचे काम सुरू होण्याआधी. सिमेंट ओतल्यावर उतार बदलता येत नाही.